आईचा शेरा

आमच्या मल्लूला आख्खं अणदूर गाव 'कॉम्प्युटरचा डॉक्टर' म्हणायचं. मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, माझ्या भावाचा पोरगा. मला ते डॉक्टर-बिक्टर काय पटायचं न्हाय. डॉक्टर आजारी माणसाला बघतो. ह्यो तर चांगल्या धडधाकट मशिनी घरी आणायचा, त्यांना दमवायचा, तापवायचा आन मग मोबाइलपुढं बसून लोकांना सांगायचा, ही घ्या, ती घेऊ नका. सोयरिकीच्या आधी पोरगं-पोरगी पारखायला एखादं खडूस म्हातारं नेतात बघा, तसलं काम. खडूस म्हातारं म्हणून घरात मी आधीच होते, त्यामुळं मला ते काम लगेच कळलं.

मी शरणम्मा. गुरुलिंगची थोरली बहीण. मालक गेल्यापासनं भावाच्याच घरी, मागच्या खोलीत ऱ्हाते. शिलाई मशीन चालवते आन तोंड चालवते. दोन्हीला तेल लागत न्हाय.

मल्लूची तपासायची तऱ्हा न्यारी होती. तो म्हणायचा, "आत्या, पुण्याच्या एशीत सगळ्याच मशिनी शहाण्या असतात. आपल्या पत्र्याच्या खोलीत, चैत-वैशाखात, लाईट कमी-जास्त होत असताना चालली तर ती खरी." आन एका मशिनीची तो दोन अंगांनी परीक्षा घ्यायचा. पयलं गेमिंग. त्यात तो स्वतः बसायचा. गाड्या पळव, बंदुका उडव, चित्र कुठं अडकतंय का बघ, मशीन किती तापते बघ. खोलीत निस्ता गोंगाट. दुसरं, घरचा वापर. त्याला बसायची त्याची आई, आमची शिवकांता.

आता शिवकांताला कॉम्प्युटरातलं काय कळतंय, असं तुमाला वाटंल. काय कळत नव्हतं, हेच तर त्याला पायजे होतं. ती पदर खोचून बसायची. सातबारा काढायची, लाईटबिल भरायची, बचत गटाच्या बायकांची नावं एका बोटानं टायपायची, पुण्याला राजनंदिनीला, म्हणजे लेकीला, व्हिडिओ लावून "जेवलीस का गं?" करायची. मग मल्लू कॅमेरा तिच्याकडं वळवायचा आन म्हणायचा, "आता आईचा शेरा."

त्या शेऱ्यासाठीच लोक बघायचे हो! एकदा एका मशिनीला म्हणली, "हिचा पंखा इतका वरडतोय, कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. नको." एकीला म्हणली, "बटणं मऊ हायत. पिठाच्या हातानं दाबली तरी रुसत न्हाय. चालंल." आन ती लाल-निळ्या दिव्यांची गेमिंगची मशीन आली, तिला म्हणली, "लायटिंग झ्याक हाय, पर गणपती उठल्यावर हिचं काय करायचं?" मी तर पोट धरून हसले. मल्लूचं 'घ्या' आन आईचं 'घ्या', दोन्ही आलं तरच मशीन चांगली, असं बघणारे म्हणायचे. धाराशिवचा एक मास्तर तर मल्लूचं निम्मं सोडून निस्तं आईचं बघायचा. शिवकांता लाजायची, पर शेरा द्यायच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची. मला दिसायचं की ते.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर एका मोठ्या कंपनीनं मल्लूकडं एक कार्ड धाडलं. ग्राफिक कार्ड. चित्र काढायचं काम ते करतंय. मल्लू म्हणायचा, "आत्या, गेमिंगच्या मशिनीचं हे काळीज." चांगलं विटेएवढं काळीज होतं, त्याला स्वतःचे तीन पंखे. अजून बाजारात आलं नव्हतं. तपासणी कंपनीच्या मनाला आली तर ते मल्लूला कायमचा तपासनीस म्हणून धरणार होते. पोरगं हवेत होतं. गुरुलिंगला आजवर वाटायचं की पोरगं खेळण्यात जिंदगी घालवायलाय. पर कंपनीचं खोकं बघून त्यानं बी पारावर दोन चार जणांना सांगितलंच.

ते कार्ड लाईट लई खायचं. म्हणून मल्लूनं मशिनीतला करंट देणारा डबा बदलला. जुना काढला, मोठा बसवला. वायरी जागच्या जागी लावलेल्याच होत्या, त्या तशाच ठेवल्या. ही गोष्ट अष्टमीची. बटण दाबून बघणार, तेवढ्यात लाईट गेली. मशिनीची काचेची बाजू उघडीच ठेवून तो उठला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्यात हत्यार चालवत न्हायत. विळा, खुरपं, कोयता, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन, सगळ्यांना सुट्टी. धुऊन-पुसून पूजेला मांडायचं, आन दसऱ्याला सकाळी उचलायचं. मल्लू दोस्तांसंगं तुळजापूरला दर्शनाला निघाला, तर जाताना दारातनं स्वतःच्या तोंडानं म्हणला, "आई, माझ्या मशिनीची बी पूजा कर हं. आवंदा तिच्यावरच सगळं हाय." हे माझ्या कानानं ऐकलंय. पुढं कुणी कायबी म्हणो.

शिवकांतानं केली पूजा. मनापासनं केली. मशिनीला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग उघड्या बाजूनं आत बघितलं आन मला म्हणली, "वन्सं, काळीज आत हाय म्हणतोय नव्हं मल्लू? मग त्यालाच लावायला पायजे." चिमूटभर भंडारा घेतला, येळकोट येळकोट जय मल्हार म्हणली, कार्डाला लावला, वर दोन अक्षता टाकल्या. खंडोबाच्या गावातली बाई, भंडारा न्हाय लावणार तर काय पावडर लावणार? मला त्यात काय बी वावगं दिसलं न्हाय. ट्रॅक्टरला लावतो, मोटारीला लावतो, नव्या नवरीला बी लावतो.

दसऱ्याच्या सकाळी सगळे खोलीत जमलो. गुरुलिंग धुतलेलं धोतर नेसून आला. शिवकांताच्या हातात आरतीचं ताट. मल्लूनं पाया पडून बटण दाबलं.

टप्पकन आवाज आला. आतनं ठिणगी, मग करपल्याचा वास, मग पांढरा धूर.

मल्लूनं वायर उपटली. बॅटरी घेऊन आत वाकला आन तसाच थांबला. आत सगळं पिवळं. पंख्यात तांदूळ. तो जे वरडला ते मी जन्मात विसरणार न्हाय. "आई! काय केलंस हे! आतमधी कशाला घातलंस? माझं सगळं जाळलंस तू!"

गुरुलिंगला तर निमित्तच लागतंय. "अक्कल हाय का तुला? देवाचं देवापशी ठेवावं! पोराच्या ताटात माती कालवलीस!"

आन शिवकांता काय म्हणली माहीत हाय? ताट हातातच. निरंजन जळतंय. म्हणली, "पुसून देऊ का?"

माझं डोकंच फिरलं. मी गुरुलिंगला म्हणलं, "तोंड आवर भाड्या, सणाच्या दिवशी बायकोला बोलतोस! आन मल्ल्या, तूच सांगून गेलास पूजा कर म्हणून." पर मी किती बी बोलले तरी भंडारा आत होता, धूर निघालेला होता. डोळ्यांनी दिसतंय त्याच्यापुढं माझी जीभ काय करणार? खरं सांगते, मला बी वाटलं की भंडाऱ्यानंच झालं. कुणालाबी तसंच वाटलं असतं.

आता कंपनीला काय सांगायचं? मल्लूनं व्हिडिओ केला. कार्ड पुढं धरलं, चिमट्यानं तांदळाचा दाणा काढून दाखवला आन म्हणला, "मंडळी, ह्या कार्डाला बी आईचा शेरा मिळालाय. भंडारा!" हसत हसतच म्हणला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, मेला घाबरलेला होता. पर त्यो व्हिडिओ असा पसरला, असा पसरला, की आजवर त्याचं काहीच तेवढं कुणी बघितलं नव्हतं. कंपनीचा सायेब बी हसला म्हणं. दुसरं कार्ड धाडलं, मल्लूला कामावर बी धरलं. पोराचं भलं झालं. आईच्या फजितीवर झालं.

गावात काय विचारता! गिरणीत दळण घेऊन गेली की गिरणीवाला ज्ञानोबा म्हणायचा, "शिवकांताकाकू, चक्कीला भंडारा लावू नगा, पट्टा जळंल!" एसटीत कंडक्टर म्हणला, "काकू, इंजनापासनं जरा लांब बसा." सगळे हसायचे. ती बी हसायची. ती हसायची म्हणून सगळ्यांना वाटलं, हिला काय लागलं न्हाय. माणसाला लागलंय का न्हाय हे हसण्यावरनं ठरवणाऱ्यांच्या मी नावानं आंघोळ करते.

कारण मी घरात होते. मला दिसायचं. त्या दिवसापासनं शिवकांतानं कॉम्प्युटरला बोट लावलं न्हाय. मल्लू नवी मशीन आणायचा, "आई, ये की घरचा वापर बघायला." ही म्हणायची, "डोळ्याला झिरझिर होतंय रे." पुढच्या खेपेला, "कंबर भरलीय." मग त्यानं विचारायचं सोडलं. दोन्ही परीक्षा आपणच करायला लागला. व्हिडिओखाली लोक विचारायचे, आई कुठंय? हा काहीतरी सांगून टाळायचा. राजनंदिनीचा फोन आला की शिवकांता मोबाइलला बी हात लावायची न्हाय. मी धरायचे, ती लांबनं बोलायची.

दिवाळीत मल्लूच्या ध्यानात आलं असावं. फराळाला बसल्यावर म्हणला, "आई, ते कार्ड तुझ्यामुळं न्हाय गेलं. असतंय एखादं कच्चं." तिच्या तोंडावर जरा उजेड आला. मला बी बरं वाटलं. आन त्याच दिवशी दुपारी ती चिवड्याचा डबा घेऊन त्याच्या खोलीकडं गेली, तर आत ह्यो फोनवर कुणाला तरी सांगायलाय, "न्हाय हो, कार्ड चांगलंच होतं. आईनंच घालवलं." ती तशीच मागं फिरली. डबा माझ्या पुढ्यात ठेवला आन म्हणली, "वन्सं, चिवडा जरा खारट झालाय का?" चिवडा चांगला होता. मी खारट झालाय म्हणलं, कारण डोळं पुसायला तिला काहीतरी निमित्त पायजे होतं.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी दुपारी मी काज-बटणं करत बसले होते. मल्लू दारात येऊन उभा ऱ्हायला. चेहरा पांढराफटक. हातात वायरींचा गुंता.

"आत्या, लई मोठी चूक झाली."

"काय जाळलंस आता?"

"डिस्क जळली. आत्ताच." मग तो माझ्या पायापशीच बसला. "नवी डिस्क जोडली, त्याच मशिनीला. वायर करंटच्या जुन्या डब्याची लावली, पडून होती म्हणून. बटण दाबलं, तसाच टप्प आवाज आला. तसाच वास. मग मी मीटर लावून बघितलं. आत्या, जुन्या डब्याची वायर नव्या डब्याला चालतच न्हाय. पिन सारखी दिसती, टच्च बसती, पर आतल्या तारांचा क्रम येगळा हाय. जिथं करंट जायला नको तिथं जातोय."

"मग?"

"मग दसऱ्याला कार्डाला बी जुन्याच डब्याची वायर होती. मीच ठेवली होती. दुसरं कार्ड बसवताना करपलेली वायर टाकून नव्या डब्याची लावली, म्हणून ते वाचलं."

माझ्या हातातली सुई थांबली. "म्हणजे भंडारा?"

"भंडाऱ्यानं काय झालं नव्हतं. अष्टमीला लाईट गेली नसती तर तवाच जळलं असतं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, मशीन बंद. मधी निस्ती पूजा झाली, म्हणून..." चांगला बाप्या गडी, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागला. "आख्ख्या महाराष्ट्राला हसवलं मी तिच्यावर."

एरवी मी त्याला धुऊन काढलं असतं. पर रडणाऱ्याला काय मारायचं? एवढंच म्हणलं, "मग माझ्यापुढं काय रडतोस, भाड्या? जिचं देणं हाय तिला जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी येळवस. सगळे रानात. ज्वारी कमरेच्या वर, हरभरा भरात. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, पूजा झालेली, गुरुलिंग आंबील शिंपडत बांधानं फिरायलेला. शिवकांता पत्रावळीवर शेंगा-भाज्यांची भज्जी वाढत होती. मल्लू तिच्यापुढं मांडी घालून बसला आन सगळं सांगितलं. वायरी आणल्या होत्या त्यानं संगं, पिशवीत. शेजारी शेजारी धरून दाखवल्या. ही तार हितं, ही तार तितं. "तुझ्यामुळं न्हाय गं झालं, आई. माझ्यामुळं झालं. माझं चुकलं."

शिवकांतानं सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या पत्रावळीवर बाजरीचा उंडा ठेवला आन म्हणली, "बरं झालं बाबा सापडलं. आता जेव. आंबील घे अजून."

मल्लूला वाटलं, झालं. हलका झाला पोरगा. पोटभर जेवला, झाडाखाली आडवा झाला. मी आन शिवकांता विहिरीवर भांडी घासायला गेलो. तिथं ती मला म्हणली, "वन्सं, पोरगं लई मायाळू हाय हो माझं. मला बरं वाटावं म्हणून बघा, सगळं वायरीवर ढकललंय."

मी हातातली राख खाली टाकली. "अगं बये, खरं सांगायलाय तो! मला काल रडून सांगितलं त्यानं. तुझी आण."

"दिवाळीला बी असंच म्हणला होता," ती म्हणली, आन तांब्या विसळायला लागली.

मी भांडले. दगडाला सांगितलं असतं तर फुटला असता इतकं सांगितलं. ती "व्हय, व्हय" म्हणायची. 'व्हय' म्हणजे पटलं असं आपण धरतो, पर तिच्या तोंडात त्याचा एकच अर्थ होता, की आता पुरं करा वन्सं.

मल्लूनं जुना व्हिडिओ काढून टाकला. नवा केला. दोन्ही वायरी दाखवल्या, मीटर लावला, आईची माफी मागितली. चांगला केला होता, मी बघितला. पर त्यो कुणी कुणाला धाडला न्हाय. खऱ्याला कोण हसतंय? ज्ञानोबाला मी गिरणीत जाऊन मोबाइल दाखवला, तर म्हणतोय, "असंल की. पर आत्या, भंडाऱ्याची मजा त्यात न्हाय." त्या दिवशीचं दळण मी दुसरीकडनं आणलं.

आन आवंदाची खंडेनवमी आली. शिवकांतानं विळा-खुरप्याची पूजा केली, पंपाची केली, माझ्या शिलाई मशिनीची केली. मल्लूची खोली आली तशी तिनं ताटावर पदर झाकला आन भिंतीकडनं, अंग चोरून, पुढं जायला लागली. पंख्याच्या वाऱ्यानं भंडारा आत उडंल म्हणून. मशीन बंद होती. पंखा बी बंद होता.

मल्लू खोलीतच बसला होता. त्यानं बघितलं. उठून दारात आला, तिच्या ताटावरचा पदर बाजूला केला आन चिमूटभर भंडारा घेतला.

"नको रे!" ती एवढ्यांदा वरडली की गुरुलिंग अंगणातनं पळत आला. "नको मल्लू, बिघडंल! पाया पडते तुझ्या!"

त्यानं ऐकलं न्हाय. काच उघडली. येळकोट येळकोट जय मल्हार म्हणला आन नव्या कार्डाला भंडारा लावला. वर अक्षता टाकल्या. "उद्या बघू, आई. तुझ्या डोळ्यापुढं चालू करतो. मग तरी तुला पटंल."

दसऱ्याला सकाळी आम्ही परत खोलीत जमलो. गुरुलिंग मुकाट्यानं कोपऱ्यात उभा होता. शिवकांता उंबऱ्याच्या बाहेर, हात पदराखाली. मल्लूनं बटण दाबलं. मी सुद्धा दोन पावलं मागं सरले, खोटं कशाला सांगू.

मशीन चालू झाली. दिवे लागले, पंखे फिरले, पडद्यावर चित्र आलं. मल्लूनं गाड्यांचा गेम लावला, गाडी भन्नाट पळवून दाखवली. मग मागं वळला. डोळ्यात पाणी आन तोंडावर हसू. "बघितलंस का आई? भंडाऱ्यानं काय होत न्हाय. तुझ्यामुळं न्हाय झालं तवा. आता तरी पटलं?"

शिवकांतानं दोन्ही हातांनी त्याची लांबनंच अलाबला घेतली. तिला खरंच आनंद झाला होता. म्हणली, "व्हय रे बाळा. तुझ्या हातानं लागला म्हणून चालली."

आन सैपाकाला गेली.

मल्लू खुर्चीत बसला तो बसलाच. मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. मशीन चांगली होती. तापत नव्हती, अडकत नव्हती, पंख्याचा आवाज तर जवळजवळ नव्हताच. सैपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या खोलीत बसून स्वच्छ मोजता येत होत्या.